निळ्या नाडीचा नारळ

भरडतळी,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप यशोदावहिनीस,
परशुरामाचा पाया पडून नमस्कार.

नावामागे 'गं. भा.' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती दोन अक्षरं लिहायला हात जात नाही, म्हणून नुसतं तीर्थरूप लिहिलं. रागावू नकोस. माझं पत्र बघून तुला आधी धसका बसेल, कारण चोवीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. घरात कुणाला काही झालेलं नाही. सगळे धडधाकट आहेत.

रुक्मिणीचा गुडघा या पावसात पुन्हा धरला आहे, पण तोंड चालू आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही. कोपऱ्यातल्या शेतातलं भात निसवायला लागलं. गाय गाभण आहे. तळं सांडव्यावरून वाहतं आहे आणि पायऱ्या पाचवीपर्यंत बुडाल्या आहेत. चवथीला तुझा चंदन दीड दिवस येऊन गेला. तुझ्यासाठी पातोळ्या दिल्या होत्या, त्या नांदगावपर्यंत पोचल्या की त्याने गाडीतच संपवल्या, ते तुझ्या लेकीला, पूजाला विचार. पोरगा आता दारातून वाकून आत येतो. आरतीला उभा राहिला तेव्हा पाठमोरा बघून मी दोनदा 'दादा' म्हणणार होतो. जीभ आवरली.

पूजाच्या मोबाईलवरून तुझा निरोप मिळाला. तुझा आवाज मी तीन वेळा ऐकला. 'भावजी, चंदनाची रेल्वेतली बदली घराकडे होवची आसा. हाफिसात पंचवीस तारखेच्या आत होय नाय सांगूचा आसा. तुमी देवीक कौल लावा आणि माका कळवा. देवी होय म्हणाली तर मी पण घराक येतंय.' असं तू म्हणालीस. चोवीस वर्षांनी तू घरी यायचं बोललीस. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो.

आज नऊ दिवस झाले. कौल लावलेला नाही. का लावलेला नाही, ते सांगायला हे पत्र. फोनवर सांगता येत नाही. तू पहिल्याच वाक्याला 'जेवलात?' विचारतेस आणि मग माझ्याने पुढे बोलवत नाही.

पण आधी शाहनवाज सरांचं सांगतो, कारण सगळं तिथून निघालं.

शाहनवाज सर म्हणजे आपल्या हायस्कुलात इतिहास शिकवतात ते. घर मालवण बंदरातलं. त्यांचे आजोबा अब्दुलशेठ मुंबईच्या बोटींचे एजंट होते. बोटी बंद झाल्या आणि घराचा धंदा बसला. त्या घरातला हा माणूस आता रेल्वेच्या मागे लागला आहे. मी म्हटलं, 'सर, तुमच्या आजोबांच्या पोटावर पाय दिलेल्या गाडीचो इतिहास तुमीच कित्या लिवतास?' तर हसून म्हणाले, 'म्हणानच लिवतंय.' आपली भरडतळी, पलीकडची नानेतळी आणि खालची देवतळी, या तीन तळ्यांच्या गावांना रेल्वेने कसं जोडलं, त्याची एक पुस्तिका ते काढत आहेत. भरडतळीचा भाग मी लिहावा असा त्यांचा हट्ट. मी सर्व्हेच्या लोकांबरोबर टेप धरून फिरलो, रुळांसाठी डोंगर फोडला त्या कटिंगमध्ये खपलो, म्हणून माझी निवड. दोन महिने बसून मी चाळीस पानं लिहिली. वहिनी, शाळेत असताना मला दहा ओळींचा निबंध जमत नव्हता हे तुला माहीत आहे, पण हे आपोआप आलं.

आजोबांच्या वेळचा पहिला सर्व्हे लिहिला. टोपीवाले साहेब आले, लाल झेंडे रोवले, तळ्याच्या बांधापासून सड्याच्या कातळ पठारापर्यंत तासलेले दगड पुरले आणि गेले ते गेलेच. त्यातला एक दगड उपटून लोकांनी तळ्याच्या पायरीशी टाकला. तूच त्यावर आठ-नऊ वर्षं कपडे धुतलेस. त्यावर कोरलेला आकडा तू घासून घासून पुसलास असं दादा चिडवायचा. ते पण लिहिलं.

मग तीन गावांचं लिहिलं. देवतळीला जायचं तर तळ्यातून होडी आणि पुढे सडा चढून उतरायचा, दीड तास. नानेतळीची माणसं आम्हाला जत्रेपुरती माहीत. रूळ आले आणि मधलं अंतर बारा मिनिटांवर आलं. देवतळीच्या मुली आपल्या हायस्कुलात यायला लागल्या, नानेतळीचा वैद्य आपल्याकडे बसायला लागला, सोयरिकी झाल्या. पहिल्या गाडीच्या दिवशी इंजिनापुढे एवढे नारळ फुटले की ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले, 'आता जाऊ द्या' म्हणून. राधाबाई सरपंचीण गाडीत चढली ती उतरायचं विसरली आणि कुडाळ बघून संध्याकाळी परत आली. हे वाचून सर खूप हसले.

दादाचं पान शेवटी लिहिलं. ते असं होतं: 'भरडतळीतील ज्या घरांची जमीन गेली, त्या प्रत्येक घरात एक नोकरी मिळाली. गुरवांच्या घरात दोन भाऊ. श्री देवी तळकरणीच्या कौलाने थोरले बंधू बाबली हे गँगमन म्हणून लागले. धाकट्याने मोठ्या मनाने थोरल्याला मान दिला. जुलै २००१ मध्ये सड्याच्या कटिंगमध्ये दरड येताना पाहून बाबली यांनी लाल झेंडा घेऊन धावत जाऊन गाडी थांबवली. दुसऱ्या बाजूला झेंडा लावण्यासाठी परत जाताना दरडीखाली त्यांचे निधन झाले.'

सरांनी पान परत दिलं. त्यांची एक हिरवी पेन्सिल आहे, ती मला डोळ्यांसमोर नको झाली आहे. तिने समासात लिहिलं होतं: 'कौल कोणी लावला होता? नाव द्यावे.'

बिचाऱ्याने साधी माहिती विचारली. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि घरी आलो.

कौल मी लावला होता, वहिनी. तुला माहीतच आहे. आप्पांचे, आमच्या वडिलांचे, हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून गाऱ्हाणं आप्पांनी घातलं आणि पाकळ्या मी लावल्या. तू सभामंडपात खांबाला टेकून बसली होतीस. पूजा मांडीवर झोपली होती आणि चंदन पोटात होता. आप्पांनी देवीला सांगितलं, 'उजवी दिलंस तर थोरल्यान जावचा, डावी दिलंस तर धाकट्यान.' मी देवीच्या पाषाणावर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. थोड्या वेळात उजवी पडली. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मला वाईट वाटलं असणार.

आता ऐक. पाकळी पाण्याच्या जोरावर चिकटते. जिला पाणी कमी, ती आधी सुटते. हे आम्हा गुरवांच्या पोरांना मिसरूड फुटायच्या आधी कळतं. म्हणूनच दोन्ही पाकळ्या एकाच बोटाने, एकाच पळीत बुडवून लावायच्या असा दंडक आहे. आप्पांनी मला तो शिकवताना हातावर पळी मारली होती. त्या दिवशी मी डावी पाकळी पळीत नीट भिजवली. उजवी पाण्याला नुसती टेकवली आणि धोतराला पुसून लावली. गाभाऱ्यात समईचा उजेड, माझी पाठ लोकांकडे. कुणाला दिसणार?

देवीने दादाचं नाव घेतलं नव्हतं. मी घेतलं होतं. देवी काय म्हणाली असती ते मला आजपर्यंत माहीत नाही, कारण मी तिला बोलूच दिलं नाही.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, धाकट्या दिराने थोरल्या भावाला नोकरी मिळावी म्हणून लबाडी केली, एवढं काय त्यात. गाव पण तसंच समजत आलं, लबाडीचा भाग सोडून. पंचवीस-तीस वर्षं मी 'मोठ्या मनाचा परशुराम' म्हणून मिरवतो आहे. लग्नात मला पहिला विडा मिळतो. मी तो घेतो आणि खातो.

खरी गोष्ट अशी की मला त्या नोकरीची भीती वाटत होती.

कटिंग खणताना मी दीड वर्ष तिथे होतो. वरून बघणाऱ्याला सडा म्हणजे सगळा जांभा, एकसंध, टणक. पण आम्ही तो आतून पाहिला. बारा-चौदा हात जांभा खणून झाला की खाली पांढरट शेडी माती लागते. कोरडी असते तोवर कुदळीला दाद देत नाही. एकदा ओली झाली की लोण्यासारखी हाताला येते. आमचा मुकादम भला माणूस होता. तळ्याच्या बाजूला बोट दाखवून तो एकदा म्हणाला होता, 'पोरांनो, ह्या बाजून कधी पांढरा पाणी गळताना दिसला तर हयसर उभे ऱ्हवा नुको.' तळं भरलं की त्याचं पाणी डोंगराच्या पोटातून झिरपतं आणि शेडी धुऊन बाहेर येतं. ताकासारखं दिसतं. मी मान डोलावली आणि डोक्यात पक्कं धरलं. गँगमन होणारा माणूस जन्मभर पावसाळ्यात त्याच कटिंगमधून गस्त घालणार, हे पण धरलं.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. तो तेव्हा शेतात असायचा. माझ्याकडून त्याला कधी कळलं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर थांबलो असतो. दोन दिवस पत्र इथेच ठेवलं होतं. रुक्मिणीने विचारलं, काय लिहिता एवढं, तर सांगितलं, पुस्तिकेचं काम. तिला काही माहीत नाही. आज पुन्हा बसलो आहे, दुपारची पूजा आटपून.

वहिनी, दादा गेला त्याच्या बाराव्याला तू मला मागच्या पडवीत गाठलंस. डोळे कोरडे होते. तू विचारलंस, 'भावजी, खरा सांगा, त्या दिवशी सकाळी ते देवळात इल्ले?' मी म्हटलं, 'नाय वैनी. दादा इलोच नाय.' तू म्हणालीस, 'माझा कधी ऐकूक नाय. ह्या पण नाय.' मग पोरांना घेऊन तू माहेरी गेलीस, तिथून पूजाच्या लग्नानंतर तिच्याकडे नांदगावला. घर सोडलंस ते आमच्यावरच्या रागाने, असं लोक म्हणत. मला माहीत होतं, तुझा राग दादावर होता. मेलेल्या माणसावर रागावून तू चोवीस वर्षं काढलीस. त्याचा फोटो तू भिंतीला लावत नाहीस, हे पूजाने मला सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, आईचा स्वभावच तसा. एवढं बोलायची पण माझी हिंमत झाली.

दादा आला होता, वहिनी.

सकाळी साडेनऊ वाजले असतील. पाऊस आडवा लागला होता. मी अभिषेकाचं पाणी आणून नुकता गाभारा उघडला होता. दादा रेल्वेचा पिवळा रेनकोट घालून दारात उभा राहिला. खाली पाणी निथळत होतं म्हणून आत येईना. हातात नारळ होता. नारळाच्या शेंडीला तू चंदनच्या झबल्याची निळी नाडी बांधली होतीस. घरातला नारळ बाजारच्या नारळात मिसळू नये म्हणून तू काहीतरी बांधायचीस, तशी.

दादा म्हणाला, 'परश्या, यशोदेन धाडल्यान. देवीक इचार, ही नोकरी सोडू काय नको.'

मी म्हटलं, 'काय झाला?'

'कटिंगाचा लक्षण बरा दिसणा नाय. आतसून माती सरकल्याचो आवाज येता. सायबाक सांगलंय, ते बघूक येतले म्हणतत. माका भियां वाटता रे. पोरा ल्हान आसत.'

चौतीस वर्षांचा माणूस. तळ्यात बुडणाऱ्या दोघांना त्याने बाहेर काढलं होतं. मला भीती वाटते, असं त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आणि मला सगळं माहीत होतं. त्याच सकाळी अभिषेकाचं पाणी भरायला मी तळ्यावर गेलो, तेव्हा बांधाच्या खालच्या अंगाला, कटिंगच्या तोंडाशी, ताकासारखं पाणी गळताना मी पाहिलं होतं. घागर भरून परत येईपर्यंत मी त्याच्याकडे दोनदा मान वळवून पाहिलं. मुकादमाचे शब्द जसेच्या तसे आठवले. दादाला एवढंच सांगायचं होतं की जाऊ नकोस, मी पांढरं पाणी बघितलंय.

मी बोललो नाही. बोललो असतो तर तो विचारणार, तुला कसं ठाऊक, आणि मग आधी का नाही सांगितलंस. शिवाय त्याने नोकरी सोडली तर घराची एक नोकरी, ती माझ्या गळ्यात येणार. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. नंतर मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं की मी गोंधळलो होतो. मी गोंधळलो नव्हतो.

मी त्याला म्हटलं, 'दादा, एकदा दिलेलो कौल परत इचारूचो नसता. देवीन तुझा नाव घेवन तुका धाडल्यान. आता पाठ फिरवलंस तर घराक बरा नाय.'

एका गोष्टीचा कौल दोनदा विचारायचा नाही, ही रीत खरीच आहे. म्हणूनच ती माझ्या उपयोगाला आली. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर दादा भांडला असता. मी गुरव म्हणून सांगितलं, गाभाऱ्यात उभा राहून सांगितलं. त्याने ते मानलं. मग त्याने नारळ उंबऱ्यावर ठेवला, देवीला हात जोडले आणि जाताना म्हणाला,

'बरा तर. नारळ ऱ्हवांदे. यशोदा इचारीत, तर सांग तिका, मी इल्लंय म्हणान.'

तो पायऱ्या उतरून गेला. दुपारी अडीचला त्याची गस्त होती. पुढचं तुला माहीत आहे. गाडीतली माणसं घरी गेली. पुस्तिकेत ते मी बरोबर लिहिलं आहे, त्यात एक अक्षर खोटं नाही. झेंडा घेऊन तो पाव मैल धावला, गाडी थांबली, आणि दुसऱ्या बाजूने गाडी यायची म्हणून तो पुन्हा त्याच कटिंगमधून परत निघाला. भीती वाटत असताना गेला. हे गावात फक्त मला माहीत आहे, आणि त्यामुळे तो किती मोठा होता हे पण फक्त मला माहीत आहे.

बाराव्याला तुला मी 'इलोच नाय' सांगितलं, कारण आला होता म्हटलं असतं तर तू पुढे विचारलं असतंस, मग देवी काय म्हणाली? नारळ मी उंबऱ्यावरून उचलून देवळाच्या पोटमाळ्यावर जुन्या पालखीच्या पेटीत ठेवला होता. फोडवला नाही, टाकवला नाही. दर वर्षी पेटी झाडताना हाताला लागतो. आता पार वाळून हलका झाला आहे. हलवला की आत गोटा वाजतो. नाडी विटली आहे, पण निळी आहे हे कळतं.

आता तुझ्या प्रश्नाचं.

चंदनसाठी मी कौल लावणार नाही. पुन्हा कुणासाठीच लावणार नाही. दसऱ्याला मानकरी जमतील तेव्हा गाभाऱ्याची किल्ली त्यांच्यापुढे ठेवणार आहे. का ठेवतो, हे सगळ्या गावासमोर सांगायचं धाडस माझ्यात आहे की नाही, मला अजून माहीत नाही. खोटं आश्वासन देत नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

कौलाऐवजी डोळ्याने पाहिलेलं सांगतो. आता कटिंगला लोखंडी जाळी मारली आहे, एका बाजूने सिमेंटची भिंत आहे, पावसात गाडी हळू सोडतात. पूर्वीसारखं नाही. चंदन स्वतः त्या कामातला आहे, तो तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. पण नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भिंत जिथे संपते त्याच्या पुढे, तळ्याच्या अंगाला, मी पुन्हा पांढरं पाणी पाहिलं. बोटाने घेऊन चोळून पाहिलं. शेडीच आहे. त्याच दिवशी रेल्वेच्या लोकांना लेखी दिलं आणि त्याची पोच घेतली. दोन माणसं येऊन फोटो काढून गेली. पाणी अजून गळतं आहे. चवथीला चंदनला तिथे नेऊन दाखवलं. बदलीचं तो तेव्हाच बोलला होता. मी त्याला म्हटलं, 'हयसर येव नुको.' तो म्हणाला, 'काका, आयेक घर बघूचा आसा. तेच्यासाठी येतंय. आणि देवीन होय म्हटल्यान तर भिऊचा कित्याक?'

वहिनी, त्याच्या बापाने पण माझ्यावर असाच विश्वास ठेवला होता. पोराचं ते वाक्य ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

तेव्हा मी स्पष्ट लिहितो. चंदनला या बीटवर, या कटिंगच्या कामावर येऊ देऊ नकोस. हे देवी सांगत नाही, मी सांगतो, आणि माझ्या शब्दाला तू आता किंमत देऊ नयेस हे पण मला कळतं. म्हणून दोघांनी हे पत्र वाचा आणि तुमच्या अकलेने ठरवा. त्यालाही वाचायला दे. त्याला बापाचं काही लपवून ठेवलेलं नको. तुला घरी यायचं असेल तर बदलीची वाट कशाला बघतेस? घर तुझं आहे. मी आणि रुक्मिणी मागच्या पडवीत राहू, किंवा तुला आम्ही नजरेसमोर नको असू तर देवळाजवळच्या खोलीत जाऊ. तू शिव्या दे, तोंड बघू नकोस, गावात सांग. तो तुझा हक्क आहे. माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहून पाहिलं आणि खोडलं.

पुस्तिकेतलं पान मी सरांना परत दिलं आहे. 'मोठ्या मनाने' ही ओळ काढली. समासातल्या प्रश्नाखाली माझं नाव लिहून दिलं. सरांनी ते पान वहीत ठेवलं. येत्या रविवारी ते छपाईच्या कामाला कणकवलीला जाणार आहेत, तिथून नांदगाव जवळच. त्यांच्याच हाती हे पत्र आणि एक कापडी पिशवी पाठवतो आहे. पिशवीत काय आहे त्यांना माहीत नाही. तू एकटी असताना उघड. गाठ तुझ्याच हातची आहे, मी ती कधी सोडलेली नाही.

आणि एक निरोप माझ्याकडे राहून गेला होता. चोवीस वर्षं उशीर झाला. तुझं त्याने ऐकलं होतं, वहिनी. दादाने जाताना सांगितलं होतं,

'यशोदेक सांग, मी इल्लंय म्हणान.'

परशुराम